खांद्यावरचा म्हातारा

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. त्यापुढचं सगळं मुलीच्या दप्तरातून शिकले. सौदीत धाहरानला ह्यांना तेलाच्या कामावर फॅमिली क्वार्टर मिळालं, मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली, आणि ती शाळेतून आणायची ती पुस्तकं मी दुपारी एसीच्या घरघरीत एकेक शब्द लावत वाचायची. त्यातच एकदा रोमच्या जुन्या कथांचं चित्रांचं पुस्तक आलं. लांडगीनं दूध पाजून जगवलेले जुळे भाऊ, त्यातल्या एकानं वसवलेलं रोम, हे सगळं त्यात होतं. पण मला धरून ठेवलं ते त्या जुळ्यांच्या कितीतरी पिढ्या आधीच्या मूळपुरुषानं, ईनियसनं. शत्रूंनी त्याचं ट्रॉय नगर पेटवलं तेव्हा त्यानं म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतलं, पोराचं बोट धरलं आणि तो निघाला. बायको मागून चालत होती, ती धुरात कुठे चुकली ती चुकलीच.

ही गोष्ट मी मामंजींसाठी कॅसेटवर भरली. तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट बरी वाटायची. घरटी एकच असायची बरं का! कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती द्यायची. गावी ती ऐकायचे, त्याच्यावरच आपलं बोलणं भरायचे आणि परत पाठवायचे. जुनं पुसलं जायचं, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. मामंजी गावी एकटे, नजर अधू झालेली. त्यांना गोष्ट ऐकायला बरं वाटेल, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि खरं सांगते, त्याच्या महिनाभर आधी ह्यांनी विचारलं होतं, "बाबांना व्हिजिट व्हिसावर आणूया का गं? कफील सही देतो म्हणतोय." कफील म्हणजे ह्यांना कामावर ठेवणारा तिथला अरबी मालक.

"ह्या दोन खोल्यांत?" मी म्हटलं. "त्यांचा खोकला, त्यांचं पथ्य! तुम्ही जाल ड्यूटीवर. मी एकटी कुठे कुठे बघू?"

तो विषय तिथेच खलास.

दोन महिन्यांनी आमच्याच गावचा एक वेल्डर सुट्टीवरून परत आला. कॅसेट हातात देताना म्हणाला, "वहिनी, काका भलतेच खुशीत आहेत हो! नवा सदरा शिवून घेतलान, फोटो काढून आले. म्हणाले, सुनेनं गोष्टीतून बरोब्बर कळवलंन."

हे ड्यूटीवर होते. मी दार लावून टेप सुरू केला.

"सूनबाई," मामंजींचा आवाज आला, मध्येच खोकला. "गोष्ट समजली हो. तुझ्या मनात आलं, ह्यातच मला सगळं पावलं. पण मला खांद्याबिंद्यावर नको. मी चालेन. त्या शहाण्यानं बायकोला मागे ठेवलंन, तिथेच चुकला. तू पुढे हो, मी आपला मागून येतो. चुकलो तर म्हातारा चुकला, घर नाही मोडत."

काय सांगू, मला बसवेना. दोनदा ऐकलं. हे ऐकतील तर उद्याच व्हिसाचे कागद करायला जातील, हे मला ठाऊक होतं. मी टेपचं लाल बटण दाबलं आणि त्या आवाजावर जुळ्या भावांची गोष्ट भरत बसले. रोमभोवतीच्या भिंतीवरून थट्टेनं उडी मारणारा भाऊ आणि त्याला मारणारा भाऊ. माझा आवाज अगदी स्वच्छ आला होता.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"पुसलं गेलं हो. पोरीनं खेळता खेळता बटण दाबलं."

हे तिच्यावर ओरडले. "मैंने नहीं किया, पप्पा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पोळ्या लाटत होते. मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही गावी गेलो. मामंजी व्हिसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. निघायच्या दिवशी मला मागीलदारी गाठून एवढंच म्हणाले, "त्या गोष्टीतला म्हातारा पोचला का गं शेवटी?"

पुस्तकात तो वाटेतच जातो. मी म्हटलं, "पोचला हो, मामंजी."

"बरं झालं," म्हणाले, आणि त्यांनी एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. "असू दे तुझ्याकडे. लागलं कधी तर." आत चार पासपोर्टचे फोटो होते.

त्या पावसाळ्यात ते गेले. भिंतीवर लावायला दुसरा फोटो मिळेना, म्हणून मी त्यातलाच एक मोठा करून घ्यायला दिला. हे आजही त्याच्यापुढे उभे राहून म्हणतात, "बाबांनी नवा सदरा घालून हा फोटो कधी काढला, कोण जाणे!"

मी उदबत्ती लावते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.