धुतलेला पूल

कढईत क्रेन विरघळत होती.

आमच्या हावड्याच्या कारखान्यातल्या कँटीनची ती मोठी लोखंडी कढई. खाली कोळसा, आत सोडा घातलेलं उकळतं पाणी आणि पाण्यात ड्रॉइंग ऑफिसचं एक जुनं ट्रेसिंग. शाईच्या रेघा कापडापासून सुटून केसांसारख्या वर येत, क्षणभर तरंगत आणि मग पाणी नुसतंच करडं होई. मी बांबूने कापड खालीवर करत होतो. शेजारी छत्रीवर भार टाकून हारानबाबू उभे होते. आमचे हेड ट्रेसर.

"ही क्रेन मी लग्नाच्या वर्षी काढली होती," ते बंगालीत म्हणाले. "ढवळा, ढवळा. बर्गी आला की आमच्याकडे काय राहायचं?"

बर्गी म्हणजे आपले मराठे स्वार. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या भीतीने कलकत्त्याला खंदक खणला गेला, तो बागबाजारापासून. हारानबाबूंचं घर बागबाजारातच. म्हणून मी चीफ ड्राफ्ट्समन होऊन आलो त्या दिवसापासून साठेबाबू न राहता 'बर्गीमोशाय' झालो. थट्टा जुनी होती. त्या दिवशी मात्र ती लागली, कारण या वेळची लूट खरोखर माझीच होती.

आधी ट्रेसिंग म्हणजे काय ते सांगतो. यंत्राचं चित्र प्रथम कागदावर पेन्सिलीने काढतात. त्यावर खळ दिलेलं, काचेसारखं गुळगुळीत कापड पसरून ट्रेसर शाईने एकेक रेघ उतरवून घेतो. त्या कापडावरून हव्या तेवढ्या ब्लूप्रिंट निघतात. कापड मात्र वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतं. आमच्याकडे ते माळ्यावर पडून होतं आणि माळ्याला वाळवी लागली होती.

"बर्न द लॉट," मॅनेजरसाहेब म्हणाले. रद्द झालेली सगळी ट्रेसिंग जाळा.

त्याच सुमारास माझी मुलगी विमल पहिल्या बाळंतपणाला नागपूरहून आली होती. लढाई संपली तरी कापड रेशनवरच होतं. पण आमच्या घरातली अडचण वेगळी होती.

"बाळाला कोरं कापड घालत नाहीत," बायको म्हणाली. "जुनं, मऊ धोतर हवं. ते कुठून आणू? तुम्ही पडलात पाटलोणवाले!"

पेन पुसायला मी खिशात ट्रेसिंगचा एक तुकडा ठेवत असे. तो सदऱ्याबरोबर धुतला गेला. संध्याकाळी बायको तो गालाला लावून बसली होती. खळ निघून गेल्यावर खाली उरली होती ती तलम मलमल.

"असलं कापड तुम्ही जाळणार? आणि तुम्हाला शिकलेले म्हणायचं!"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहिलो. कापड जाळू नका, धुऊ या. ब्लूप्रिंटच्या खोलीला पडदे होतील, यंत्रांवर झाकणं होतील, ड्राफ्ट्समनच्या बाह्यांना शाईपासून वाचवणाऱ्या खोळी होतील. उरेल ते ज्या कामगाराच्या घरी बाळ यायचं असेल त्याला द्यावं.

साहेबांनी पाइप बाजूला ठेवला. "गुड आयडिया, साठे. पण एक लक्षात ठेवा. नॉट वन लाइन. एक रेघही फाटकाबाहेर जाता कामा नये. कापड तुमच्या सहीने बाहेर पडेल."

मला फार आनंद झाला होता, हे कबूल करतो. ती माळ्यावरची रद्दी कोणाच्या हातची आहे, हे मी विचारलं नाही.

ती बव्हंशी हारानबाबूंच्या हातची होती.

त्या दिवसांची आठवण मला अजून झोपेतल्यासारखी येते. छपरावर दोऱ्या बांधल्या होत्या. गंगेवरचं धुकं वर यायचं, ओलं कापड हलायचं आणि पुरत्या न निघालेल्या रेघांमुळे वाटायचं की बॉयलर, कप्प्या, जेटी सगळं फिकट होत होत नदीकडे निघालं आहे. खाली लोक खूष होते. आमच्या खिडक्यांना पडदे आले. दरवान रामअवतार नातवासाठी दोन तुकडे घेऊन गेला. जो तो मला शाबासकी देई आणि प्रत्येक शाबासकीगणिक मी हारानबाबूंची नजर चुकवत असे.

त्या महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. शेवटच्या आठवड्यात ते एक गुंडाळी घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"एवढं एक धुऊ नका. मला द्या."

मी उलगडून पाहिलं. पायी जाणाऱ्यांसाठी एक कमानीचा पूल. बागबाजारच्या कालव्यावर बांधायचा ठरला होता. ते त्यांचं पहिलं मोठं काम. मग गिऱ्हाइकाने बेत सोडला आणि ट्रेसिंगवर 'रद्द' असा शिक्का बसला.

"पूल झाला नाही," ते म्हणाले. "पण डोळे मिटले की मी त्यावरूनच पलीकडे जातो. आता ऑफिस सुटणार. चित्र जवळ असलं तर वाट चुकणार नाही."

मी साहेबांकडे गेलो. पूल कधी बांधलाच नाही, सर, यातून कोणाला काय मिळणार? साहेबांनी मान वरही केली नाही. "एक सोडलं की सगळी सोडावी लागतील. कायदा तुम्ही मान्य केलात, साठे."

मी खाली येऊन हळूच म्हणालो, "माझ्या डब्याच्या पिशवीत मावेल ते."

"छी छी!" हारानबाबूंनी कानांवर हात ठेवले. "घरी मुलगी बाळंत व्हायची आहे आणि तुम्ही नोकरी घालवता? धुऊनच द्या. उद्या मीच कढईत टाकीन. आजच्या दिवस माझ्या बोर्डवर असू द्या."

दुपारी सगळे जेवायला गेले तरी ते बोर्डवर वाकलेले होते. हातात डिव्हायडर होता, म्हणजे दोन्ही पायांना सुई असलेला कंपास. टक्, टक्, असा बारीक आवाज येत होता. म्हातारा निरोप घेतोय असं मला वाटलं. मी दार लोटून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूल स्वतःच्या हाताने पाण्यात सोडला. कमान सगळ्यात शेवटी निघाली. त्यांनी मला बांबू लावू दिला नाही. माझ्याने काही पाहवेना.

कापड वाळल्यावर मी ते काढायला छपरावर गेलो. पांढरंशुभ्र होतं, रेघ म्हणून नव्हती. मग वाऱ्याने ते हललं आणि त्याच्या सावलीत, सिमेंटवर, प्रकाशाचे बारीक ठिपके हलले. शेकडो. दिवसा चांदणं पडल्यासारखे. मी खाली बसलो. ठिपके कमानीत उभे होते. प्रत्येक सांध्याला, प्रत्येक खांबाच्या टोकाला एक.

साहेब रेघ म्हणाले होते. ठिपक्याबद्दल ते काही बोलले नव्हते. मी सही केली. 'पांढरं कापड, एक.' यात खोटं काय होतं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी फाटकावर रामअवतारने कापड उलगडून मावळतीकडे धरलं. मी मागे उभा होतो.

"अरे हारानबाबू, इसमें तो छेद ही छेद हैं! कीड़ा खा गया क्या?"

"कीड़ा नहीं," हारानबाबू माझ्याकडे न बघता म्हणाले. "बर्गी खा गया."

रामअवतार खो खो हसला आणि बाजूला झाला.

विमलला मुलगी झाली. बारशाचे पेढे घेऊन मी बागबाजारला गेलो. हारानबाबू ओसरीवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर पूल होता. त्यांच्या पत्नीने जुन्या साड्यांच्या काठांतून लाल-निळे धागे काढून ठिपक्याला ठिपका टाक्यांनी जोडला होता. खाली जुन्या साडीचे थर लावले होते. तिकडे याला कांथा म्हणतात. आपली गोधडीच ती.

मी चीफ ड्राफ्ट्समन. सवयीने तपासायला लागलो. "इथे चूक झाली आहे. डाव्या खांबाचे हे ठिपके भलतीकडे जोडले गेलेत. पायऱ्या झाल्यात पाण्याकडे."

"मीही तेच म्हणालो," हारानबाबू म्हणाले. "तर ती आतून ओरडली, पूल बांधाल पण घाटावर उतरायचं कुठून?" ते त्या पायऱ्यांवरून बोट फिरवत राहिले. "तिचं बरोबर आहे, बर्गीमोशाय. इतकी वर्षं मी नुसता पलीकडे जात होतो."

आता ऑफिसातल्या माझ्या खोलीला तेच पडदे आहेत. सकाळी उजेड आला की त्यांच्यात एखादी क्रेन दिसते, आणि मी पाठ करून बसतो. टाकून दिलेल्या वस्तूला नवं काम द्यावं, पण जुनं काम ज्याने केलं त्याला आधी विचारावं. हा धडा मी साहेबांना दिलेल्या अहवालात नव्हता. अहवाल वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कापड काही वाया गेलं?"

"एका तुकड्याला भोकं होती, सर."

"फेकला?"

"नाही, सर. वापरात आहे."