काठावरच्या झाडाची फुलं

जळगावहून लाल एस.टी.नं निघालो तेव्हा मांडीवर कोरी वही होती. आमच्या गावच्या वाचनालयात माझं व्याख्यान ठरलं होतं, 'सृष्टीतली ईश्वरी योजना'. विषय मीच सुचवलेला, आणि त्याचे दाखले गोळा करायला निघालो होतो. तीस वर्षं शास्त्र शिकवलेला मास्तर मी, देव पुराव्यानिशी दाखवायची भारी हौस! दुतर्फा केळीच्या बागा लागल्या आणि मी लिहूनही टाकलं : घड दिला की झाड आपली जागा पायाशी वाढणाऱ्या पिलाला देतं. शेजारी बसलेला शेतकरी वहीत डोकावून म्हणाला, "बाकीची पिलं आम्ही कापतो, मास्तर, म्हणून एक वाढतं." ते वाक्य काही मी वहीत घेतलं नाही.

चोपड्याला नानांकडे उतरलो. नाना माझे जुने शिक्षकमित्र. रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आडवा हात मारून खाल्ली. पहाटे नानांनी मला सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर सोडलं. "मोहाची फुलं पडताना बघा, अख्खं व्याख्यान मिळेल," म्हणाले आणि आपल्या कामाला गेले.

चैत्र होता. झाडांवर पान नव्हतं आणि पिवळट, रसाळ फुलं टपटप पडत होती. पाड्यावरची शेवंता अक्का ती वेचत होती. मास्तराच्या तोंडाला कुठला आराम! म्हणालो, "अक्का, ज्यानं चोच दिली तो चारा देतोच." ती नुसती हसली आणि भरलेली पाटी घेऊन झोपडीकडे गेली.

ओढ्याकाठच्या शेवटच्या झाडाखाली मात्र सडा तसाच पडलेला. विसरली बिचारी! म्हटलं, आपण मदत करू. उपरणं पसरलं आणि कंबर मोडेस्तोवर एकूण एक फूल वेचलं. मनातून काय फुगलो होतो, काय सांगू. गाठोडं तोऱ्यात तिच्यापुढे ठेवलं.

तिनं गाठ सोडली. "बठ्ठं उचली लिधं का, भाऊ?" (सगळं उचललंत का?)

"एकही सोडलं नाही!"

"ते झाड आमनं नई शे. अस्वलनं शे, भेकरनं शे." (ते झाड आमचं नाही. अस्वलाचं, भेकराचं आहे.)

सासूपासूनची रीत होती ती. काठावरच्या झाडाचं फूल घरात आणायचं नाही. तिथे पोट भरलं की अस्वल ओढा ओलांडत नाही. नाहीतर फुलांच्या वाळवणाच्या वासानं थेट अंगणात येतं, आणि अंगणात तिची दोन पोरं उघड्यावर झोपतात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं गाठोडं उचललं, काठावर नेलं आणि झाडाखाली फुलं पसरू लागली. मीही गुडघ्यांवर बसलो. माझ्या दाबादाबीनं निम्मी चिंबली होती. ती उठली आणि आपल्या पाटीतली ताजी फुलं आणून त्यांत मिसळू लागली.

"अहो, ही तर तुमची!"

"त्यासना वाटा कमी नको," (त्यांचा वाटा) ती म्हणाली. पाटी तळापर्यंत रिकामी झाली.

परतीच्या गाडीत वही उघडली आणि त्या केळीवाल्याचं वाक्य तेवढं लिहून ठेवलं.

वाचनालयात उभा राहिलो. सवयीनं तोंडात आलं, "ज्यानं चोच दिली..." आणि वाक्य तिथंच तोडलं. वही मिटली आणि म्हणालो, "चारा त्यानं दिला होता, मंडळी. तो मी उपरण्यात बांधून नेला."