काका आणि त्यांचा समशेर

आमचे काका रोज सकाळी केसांना एरंडेल चोपडून डोक्याला ओलं फडकं आवळून बांधत आणि तासभर तसेच बसून राहत. कुरळे केस सरळ व्हावेत म्हणून. साठ वर्षांत ते एकदाही झाले नाहीत. दहा वाजेपर्यंत पुन्हा गुंडाळून वर येत. मग काका टोपी घालत आणि आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजाराला अशा ऐटीत निघत की जणू मागून हत्ती येतो आहे.

हे केस आम्हाला ज्याच्याकडून आले तो काकांचा पणजोबा, आफ्रिकेतून धरून आणलेला हबशी गुलाम. इथल्या एका मालगुजारानं त्याला बैलजोडीबरोबर विकत घेतलं आणि जन्मभर तळ्याची माती उपसायला लावली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना मात्र ते पटवून घ्यायचं नव्हतं. त्यांनी चार वह्या भरून कादंबरी लिहिली. तीत पणजोबाचं नाव समशेर, तो घोड्यावरून येतो आणि मालगुजार त्याला उठून मुजरा करतो. चौथीपलीकडे न गेलेल्या माणसानं कादंबरी लिहिली की पानोपानी तलवारी चमकतात. पाहुण्याला पाणी मिळायच्या आत पहिला अध्याय मिळे.

नव्या तांदळाच्या दिवशी, म्हणजे नव्याला, आमच्याकडे पहिला घास खरवडीचा, म्हणजे भांड्याच्या बुडाला लागलेल्या भाताचा. त्या गुलामाच्या वाट्याला तेवढंच येत असे, म्हणून. मालगुजार त्याला काळू म्हणे. खरं नाव त्यानं फक्त आपल्या लेकीला सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या नव्याला जोडप्यानं खरवड खायची आणि घरातल्या थोरल्या बाईनं ते नाव दोघांच्या कानात सांगायचं, अशी रीत. एरवी ते उच्चारायचं नाही, लिहायचं तर नाहीच. माझ्या वेळी ते नाव आत्याकडे होतं, काकांच्या थोरल्या बहिणीकडे.

मी तेव्हा गोंदियाला मालधक्क्यावर कारकून होतो. माझ्या लग्नानंतरच्या नव्याला सासरे जेवायला आले. काकांनी खरवड गुरांपुढे टाकायला लावली. सरदाराचे वंशज करपलेला भात खात नसतात, असं म्हणाले आणि वही उघडली. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"काऊन रे, तुले नाव नाही पायजे का?" तिनं मला विचारलं.

सासरे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. भित्र्या माणसाला पुढचं वर्ष फार सोयीचं असतं. आत्या होळीच्या आधीच गेली.

घरातले बाकीचे जाणते आधीच गेले होते; आता ते नाव ऐकलेले एकटे काका उरले. त्यांच्या लग्नानंतरच्या नव्याला त्यांच्या आईनं सांगितलं होतं. मी मागायला गेलो की ते वही पुढे करत, हेच नाव, छापून घे म्हणत. शेवटी मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. असल्या माणसाचं तोंड पाहू नये, असं मी चारचौघांत सांगत असे.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात काका अंथरुणाला खिळले. गावात झेंड्यासाठी बांबू तासणं चाललं होतं. मला मुलगी झाली होती. मी जाऊन बसलो आणि म्हणालो, काका, वही राहू द्या, नाव सांगा.

त्यांनी वाद घातला नाही. डोळे मिटले. ओठ हलत राहिले, थांबले, पुन्हा हलले. बऱ्याच वेळानं, जन्मभर पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस घरच्या बोलीत म्हणाला,

"मले आठवून नाही राहिलं रे. समशेरच येऊन राहिला तोंडात."

आणि रडायला लागले. मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत मला त्यांची पहिल्यांदाच कीव आली. पण लाज वाटली ती माझी स्वतःची. मालगुजारानं त्या माणसाचं सगळं घेतलं होतं, नाव तेवढं त्याला घेता आलं नव्हतं. ते आम्ही घालवलं.