तात्यांचा खड्डा

आमच्या सोसायटीचे माळी तात्या रोपाकडे आधी बघतच नसत. नर्सरीचा टेम्पो आला की आम्ही पानं-फुलं न्याहाळायचो. तात्या पहार घेऊन जमिनीवर ठोकत फिरायचे आणि विचारायचे, “खाली काय आसा?”

मूळचे ते मालवणकडचे. मुलुंडला डोंगराच्या बाजूच्या आमच्या तीन इमारतींची बाग सांभाळायचे. चिमूटभर माती बोटांत चोळून तिचं कूळ सांगायचे. “खडक बापूस, माती चेडू, म्हणजे तेची लेक. चेडू बापाशीवर जाता. आमच्याकडे जांभो, म्हणान माती तांबडी. हय काळो खडक, हिची काळीच.” गेटजवळचं ढेकूळ मात्र त्यांनी फेकून दिलं. “ही कोणाचीच नाय. बिल्डरान आणून टाकलेली भरणी.”

तेव्हा मी सेक्रेटरी होते. झेंडावंदनापूर्वी कुंपणालगत चार झाडं लावायचं ठरलं होतं. पिशव्यांतल्या लाल मातीत चार बकुळी आल्या. तात्या पहिल्याच खड्ड्यात आठ दिवस अडकले. भरणी संपली, थोडी चिकट काळी माती लागली, तरी पहार चालूच. कमिटी माझ्या मागे लागली.

“तात्या, झाड लावताय की विहीर खणताय?”

“बाईनू, पिशवीतली लाल माती म्हणजे लॉज. मूळ थयच गोल गोल फिरत रवतला. तेका हयचा घर दाखवूक व्हया.”

मुरूम लागल्यावर त्यांनी मुळांची लाल माती झाडली आणि एक बकुळ लावली. तोवर झेंडावंदन होऊन गेलं होतं. मी त्यांना कामावरून काढलं. ते भांडले नाहीत. पहार मीटर रूममध्ये ठेवली, किल्ली माझ्या हातात दिली. “हिका दोन उन्हाळे पाणी घाला. मगे ती आपला बघतली.”

उरलेल्या तीन बकुळी ठेकेदाराने एका दुपारीत लावल्या. हातभर खड्डा, वर लाल माती. त्या झकास वाढल्या. तात्यांची मात्र रुसल्यासारखी खुजी राहिली.

तिसऱ्या पावसाळ्यात वादळी वाऱ्याने तिन्ही आडव्या केल्या. मुळांचे लालभडक गोळे तसेच्या तसे वर आले होते, कालच पिशवीतून काढल्यासारखे. खुजी उभी होती.

माफी मागणं मला जमत नाही. मी तात्यांना गावी फोन करून कामावर परत बोलावलं.

“गुडघे गेले, बाईनू.”

“मग असं खणणार कोण?”

“पहार थयच आसा मा? तुमीच खणा.”

पडलेल्या एका बकुळीच्या जागी नवी लावायला मी खणलं. पहिले दोन रविवार विटा, फुटक्या टाइल्स आणि नळाची एक तोटी काढण्यात गेले. तिसऱ्या रविवारी पहारीचा आवाज बदलला. मुरूम लागला की आणखी काही, मला कळेना. पुन्हा फोन लावला.

“ठोकून दाखवा,” तात्या म्हणाले.

मी फोन खड्ड्यात धरला आणि पहार हाणली.

“पुन्हा.”

मी पुन्हा हाणली.

“हां. आता लाव गो.”