एकच ठोका

जेवणाच्या टेबलावर माझा सर्किटचा पसारा कायमचाच. चुकत, बोटं भाजून घेत शिकलेली मी बाई. आज माझा काउंटर एका ठोक्याला दोन मोजत होता. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहिलं, तर ठोके पाठवणाऱ्या क्लॉकची रेघ ताडकन वर चढायची आणि माथ्यावर थरथरत राहायची. ठोका तारेच्या टोकाला आपटून मागे येतो, पुन्हा जातो; पलीकडच्या चिपला वाटतं, आणखी एक आला. पाठवणारा बिचारा म्हणेल, मी तर एकदाच दिला होता.

मीही सकाळपासून तेच म्हणतेय हो. मृण्मयी, माझी सून, बाळंतपणानंतर उद्या पहिल्यांदा कामावर जाणार. चहा गाळता गाळता मी बोलून गेले, "एवढ्याशा लेकराला सोडून जायला जीव तरी कसा होतो गं तुझा?" एकदाच बोलले. दुपारी तिने उद्याच्या कपड्यांची इस्त्री अर्ध्यावर टाकली. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "राहू दे, नाहीच जात."

क्लॉकवर उपाय सोपा आहे. ठोका जिथून निघतो तिथेच विजेला किंचित अडवणारा एक छोटासा रेझिस्टर डाख देऊन जोडायचा. चढण जरा मवाळ होते, थरथर थांबते. तो मी डाखला. जिभेच्या मुळाशी कुठे डाखू?

तिच्या खोलीत गेले. थोडं थांबून म्हणाले, "उद्या खुशाल जा गं. बाळाला मी बघते."

तिने इस्त्री पुन्हा लावली. कॉलरवर हात थांबला. "आई, जाऊ ना?"

"जा, जा."

मी दाराशी पोचले, तर मागून पुन्हा, "आई, जाऊ ना नक्की?"