बॉयलरवाले अण्णा आणि तीन किलो मीठ

बायोडिझेल साफ करायच्या रेझिनला मी तीन किलो मिठाचं पाणी पाजलं आणि ते मारून टाकलं.

रेझिन म्हणजे मोहरीएवढे पिवळसर मणी. चौसाळ्याच्या स्टँडसमोर माझं भज्यांचं हॉटेल. उरलेल्या जळक्या तेलात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून मी बायोडिझेल करत असे. खाली काकवीसारखं काळं ग्लिसरीन बसतं, वर इंधन राहतं. पण त्या इंधनात कॉस्टिकमुळे झालेला थोडा साबण उरतो आणि साबण इंजिनाला मानवत नाही. म्हणून ते इंधन मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडायचं. मणी साबण धरून ठेवतात. पाण्याने धुवायची भानगडच नाही. इतकं सोपं काम. त्याची वाट लावायला माझ्यासारखा जाणकारच लागतो.

ती नळी बसवून दिली होती बॉयलरवाल्या अण्णांनी. साखर कारखान्यात बॉयलरला जाणारं जड पाणी मऊ करायच्या खात्यात त्यांची उमर गेली, आणि बॉयलरच्या शेजाराने कान गेले. त्यामुळे अण्णा कुजबुजले तरी हमरस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याला ऐकू जाई. माझ्या चुका ते मला अगदी खासगीत सांगत. त्या सगळ्या स्टँडला पाठ आहेत. पहिल्याच दिवशी मेथॅनॉलचा कॅन भट्टीच्या भिंतीला टेकवलेला बघून ते माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "कावून बे, गिऱ्हाईकं तळायचीत का?" समोर जीपमधून दोघं उतरत होते, ते परत आत बसले. कॅन आणि बायोडिझेलचं पिंप त्याच दुपारी मागच्या लिंबाखाली गेले.

रेझिनच्या पिशवीबरोबर माहितीचा कागद आला होता. अण्णांनी तो चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. नळी अर्धीच भरायची, मणी फुगतात. पाणी लागू द्यायचं नाही. पंक्चरवाल्याला हे आजही तोंडपाठ आहे. मी तेव्हा कढईतली भजी उलटत होतो. दोन दिवसांनी अण्णांनी तो कागद मागितला, तर त्यात मी कुणाला तरी मिरचीभजी बांधून दिली होती. अण्णांनी चष्मा काढून खिशात घातला. "चला," म्हणाले, "कुनाच्या तरी हातात गेला. तुज्याकडं राहून काय उपयोग होता?"

अण्णांचा माणसांवर विश्वास नव्हता, बाटलीवर होता. नळीतून आलेलं इंधन आणि तेवढंच पाणी पारदर्शक बाटलीत घालायचं, खळखळ हलवायचं आणि ठेवून द्यायचं. खाली पाणी स्वच्छ दिसलं तर साबण गेला. पाणी दुधासारखं झालं, मध्ये साय धरली, तर साबण आहे. मी म्हणे, "अण्णा, झकास उतरलंय." अण्णा म्हणत, "तू गप. तिला बोलू दे."

आणि घाई त्यांना खपत नसे. नळीखाली बसून ते थेंब बघत. मी तोटी जरा मोकळी केली की हातावर चापट. "धार न्हाई लागत, थेंब लागतो. मन्याला साबन धरायला सवड दे की. तुला भजं गिळायला तरी सवड लागती का न्हाई?"

अण्णा लेकीकडे केजला गेले आणि मी स्वतंत्र झालो.

त्या साली आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, नेकनूरच्या रानात सोयाबीन कापून मोठी बणीम, म्हणजे ढीग, रचली होती. ट्रॅक्टरवर मळणीयंत्र लावून एका दिवसात काढायची होती, कारण आभाळ रोज भरून येत होतं आणि ढीग एकदा आतून भिजला की दाणा काळा पडतो. भाऊबीज जवळ आली होती. म्हटलं, यंदा ओवाळणी आगाऊ. "आक्का, मळणीचं डिझेल माझ्याकडून," मी ऐटीत सांगून टाकलं. मग घाई झाली. ग्लिसरीन नीट खाली बसायच्या आतच इंधन नळीत ओतलं. नळीतून आलेलं बाटलीत हलवलं तर पाणी दूध. रेझिन थकलं, हे मी ओळखलं. तेवढ्यात मला अण्णांची कारखान्यातली गोष्ट आठवली: रेझिन थकलं की त्याला मिठाचं पाणी द्यायचं, पुन्हा ताजंतवानं होतं. फोनवर विचारावं तर अण्णांना ऐकू येत नाही. मीठ हॉटेलात होतंच. दिलं. पुन्हा बाटली हलवायला सवड कुणाला होती?

ट्रॅक्टर पाव तास चालला, खोकला आणि बसला. फिल्टर उघडला तर आत लोण्यासारखा पांढरा गोळा. मजूर बांधावर जाऊन बसले. आक्का एकदा आभाळाकडे बघे, एकदा माझ्याकडे. दोन्हीकडे सारख्याच नजरेने. मी जीप धरून केज गाठलं आणि अण्णांना भरल्या ताटावरून उठवून आणलं.

रानात येऊन त्यांनी आधी बाटली हलवली, मग माझी चौकशी सुरू केली. "काय केलंस ते सांगू नको. काय न्हाई केलंस ते सांग. ग्लिसरीन बसू दिलंस?"

"नाही."

"म्हंजे मन्यांवर चढलं. मंग मेथॅनॉलनं मनी धुतले का न्हाई?"

"नाही अण्णा. मिठाच्या पाण्यानं धुतले."

"काय?"

"मीठ."

"मोट्यानं बोल की बे."

मी ओरडलो. बांधावरच्या सगळ्या मजुरांना कळलं. अण्णांनी बाटली खाली ठेवली. "ते पान्याचं रेझिन हाय, त्याला मीठ लागतं. हे साबनाचं. मला माज्या चष्म्यातनं दिसतं म्हनून तूबी तोच लावशील का? मन्यांच्या हातात तू आदीच मीठ दिलंस, आता साबन कुन्या हातानं धरतील? मेथॅनॉलनं धुतलं असतं तर पुन्हा चाललं असतं. आता मेलं."

मग त्यांनी स्वतः ट्रॅक्टरची टाकी रिकामी केली, नळ्या धुवून घेतल्या. मला नेकनूरला नवा फिल्टर आणि पंपावरचं डिझेल आणायला पिटाळलं. दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. तिनातले दोन हिस्से सोयाबीन पोत्यांत गेलं आणि पाऊस आला. उरलेल्यावर ताडपत्री टाकली, तरी खालून पाणी शिरलं आणि दाणा काळा पडला. अण्णांना आक्काने गरम भाकरी वाढली. मला मजुरांच्या पंगतीला बसवलं, आणि त्यांनीही जरा सरकूनच जागा दिली.

त्यानंतर अण्णांनी मला सगळं पहिल्यापासून शिकवलं. ग्लिसरीनला हवा तितका वेळ द्यायचा. नळीत टाकण्याआधीच साबण किती आहे ते बघायचं, जास्त असेल तर आणखी बसू द्यायचं. रेझिनवर सगळा भार टाकायचा नाही. मी शिकलो, यावर माझ्याखेरीज फक्त अण्णांचाच विश्वास होता. तोही त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. गेल्या उन्हाळ्यात ते केजलाच, लेकीच्या घरी, झोपेत गेले. त्या दिवशी पंक्चरवाल्याने दुकान उघडलं नाही. स्टँडवर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. महिनाभर माझी एकही चूक कुणाला कळली नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

यंदा सोयाबीन निघालं तेव्हा मी नव्या रेझिनमधून थेंबाथेंबाने इंधन उतरवलं. दहादा तपासलं, आणि दोन कॅन घेऊन आक्काच्या रानात गेलो. ती ट्रॅक्टरजवळच उभी होती.

"हे अण्णांनी बघितलंय का?"

"आक्का, अण्णा गेले ना."

तिने पदराने डोळे टिपले.

"मंग ते कॅन ठिव बांधावर," ती म्हणाली, "आन् बनीम वढू लाग. तेवढं तरी जमंल तुला."