‘येते’ म्हणणारा

त्याचं पहिलं मराठी वाक्य ‘आई गं!’ हे होतं, आणि ते तो चौकटीवर डोकं आपटून शिकला. कर्जतजवळच्या कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथल्या हिराबायच्या घराचं दार तुमच्या-माझ्या बेताचं, आणि हा गडी ताडमाड. पहिल्यांदा डोकं त्याचं आपटलं आणि ‘आई गं’ हिराबाय म्हणाली. दुसऱ्या खेपेपासून दोन्ही कामं तो स्वतःच करू लागला. शेवटी वैतागून तिनं चौकटीच्या वरच्या लाकडाला जुन्या लुगड्याची जाड घडी बांधून टाकली.

तो परदेशातून आलेल्या टीममध्ये होता. चार देशांची माणसं, आणि त्यांना वाडीतल्या बायकांशी बोलता यावं म्हणून मी. माझा जन्म कर्जतच्या शाळेत मराठी व्याकरण शिकवण्यात गेलेला. निवृत्तीनंतर हे दुभाष्याचं काम आलं आणि इंग्रजीचा गंज निघाला. ते लोक आपल्या कामाला ‘सोशल इनोव्हेशन’ म्हणायचे. भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या चिकटवायचे आणि पंखा लावला की त्या घरभर गोळा करत फिरायचे.

हिराबायनं एकदा विचारलं, “बाई, ह्ये इनोवेशन म्हंजी काय हाय?”

“पाळणाघर,” मी म्हटलं.

“मंग तसं सांगा ना!”

पण गरज खरी होती. वाडीतल्या बाया सकाळी जीपनं फार्महाउसांवर मजुरीला जात आणि मागे पोरं देवाच्या भरवशावर. हिराबायच्या नातीनं असाच एकदा चुलीत हात घातला होता. त्या पोरीची आखडलेली बोटं पाहिल्यापासून हा माणूस चिठ्ठ्या सोडून हिराबायच्या पडवीत येऊन बसू लागला. पाळणाघर तिथंच सुरू झालं.

मराठी तो सगळी बायकांकडूनच शिकला, त्यामुळे बोलायचाही बायकांसारखंच. “मी जेवले”, “मी थकले.” एकदा मिशीवाल्या सरपंचांना त्यानं प्रेमानं विचारलं, “काय गं, जेवलीस का?” सरपंचही वस्ताद. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “जेवले गं बाय, जेवले.”

मी त्याला किती वेळा सांगितलं, “अहो, तुम्ही पुरुष. येतो म्हणा.”

“पण हिराबाय येते म्हणते,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. पाणिनी आला असता तरी हिराबायपुढे त्याचं काही चाललं नसतं.

या ‘येते’नं सुरुवातीला गंमतच केली होती. पहिली बैठक संपली, बाया ‘येते’, ‘येते’ म्हणत उठल्या आणि घरी गेल्या. हा चहाचं आधण ठेवून बसला. अंधार पडला तरी टीमला जीपमध्ये बसू देईना. “त्या येते म्हणाल्या,” एवढंच म्हणे. निघताना ‘जाते’ म्हणू नये अशी आपली रीत आहे, हे मी त्याला समजावलं, तेव्हा त्यानं ते आधण उतरवलं. मग म्हणाला, “आमच्याकडे येते म्हटलं की यावं लागतं.”

पाळणाघर जेमतेम रांगायला लागलं होतं. बायकांनी आळीपाळीनं ते चालवायचं आणि ते पायावर उभं राहीपर्यंत टीमनं पाठीशी राहायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यात वरून हुकूम आला की इथलं आवरा, आता दुसऱ्या देशात काम. ते बायकांना सांगायची वेळ त्याच्यावर आली. मी भाषांतराला उभी होते, पण त्यानं मला बोलूच दिलं नाही. दारात वाकून उभा राहिला आणि एकच शब्द म्हणाला, “जाते.”

हिराबाय उठली.

“जाते नको म्हनू रं. येते म्हन.”

“पण मी नाय येनार गं. खोटं कसं बोलू?”

“त्यात कसलं आलंय खरं-खोटं? कोन येतंय, कोन नाय, त्ये आमाला ठावं हाय. निघताना येते म्हनायचं, बस.”

तो रडत होता. मीही रडत होते, लपवायचं कशाला? त्यानं वरच्या लुगड्याच्या घडीवर हात ठेवला आणि म्हणाला, “येते.” व्याकरण सुधारायची मला आठवणही झाली नाही.

पाळणाघर चालू आहे. एखाद्या दिवशी कुणाची पाळी चुकते, कुरबुरी होतात, पण चालू आहे. हिराबायची नात आता त्याच पडवीत धाकट्या पोरांना ओरडत असते. मीही अधूनमधून कर्जतहून जाते. त्याचा फोन सुरुवातीला वरचेवर यायचा, मग सणासुदीला, आता तोही नाही.

परवा हिराबाय दिवाळीसाठी दाराला रंग देत होती. चौकटीवरच्या त्या घडीच्या पार चिंध्या झाल्यात. त्या हळूच बाजूला सारून ती खालून ब्रश फिरवत होती.

मी म्हटलं, “हिराबाय, काढून टाक की ती आता. इथल्या कुणाचं डोकं तिथवर पोचत नाही.”

तिनं ब्रश थांबवला नाही.

“ऱ्हाऊ दे बाई. येते म्हनलाय ना तो.”